आपली गाडी, आपलाच पाना

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या वस्तीतील एक तरुण, वय असेल तेवीस-चोवीस, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून पहिल्या पाळीला जात असे आणि संध्याकाळी घरोघर पार्सले पोहोचविण्याचे काम करीत असे. या दोन्ही कामांचा आधार म्हणजे त्याने हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल. एके दिवशी भर रस्त्यात गाडी बंद पडली. किक खाली जाईना. ढकलत ढकलत ती गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिले, तर आत ऑईल जवळजवळ नव्हतेच. पिस्टन जागेवर चिकटून बसला होता. खर्च सांगितला नऊ हजार रुपये.

नऊ हजार रुपये घरात होते. आईने भिशी उचलून ते धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी डब्यात ठेवले होते. पण गाडी नाही तर काम नाही, काम नाही तर हप्ता नाही आणि हप्ता नाही तर गाडीही नाही. पैसे गाडीला गेले. मुलीचे ते वर्ष वाया गेले.

आम्ही त्या घरी भेटावयास गेलो तेव्हा, आम्हाला सवय आहे तसे, चार उपदेशाचे शब्द बोललो. "अरे, वेळेवर सर्व्हिसिंग करायला नको का?" असे म्हणालो. तो तरुण खाली मान घालून म्हणाला, "काका, फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्यावर शोरूमला गेलो, तर सतराशेचं बिल झालं. त्यानंतर जायची छातीच झाली नाही. आणि ऑईल घरी बघता येतं, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही."

वाचकहो, हे वाक्य आमच्या मनाला फार लागले. आम्ही वीस वर्षे चळवळीत आहोत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो, विहारात व्याख्याने ठेवतो, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. पण ज्या दोन चाकांवर आमच्या वस्तीतील निम्म्या घरांची चूल पेटते, त्या चाकांविषयी एकही शब्द आम्ही कधी बोललो नव्हतो. बोलणार तरी काय? आम्हालाही काही येत नव्हते! आम्हीसुद्धा शोरूमच्या काउंटरवर जाऊन, बिलावरील आकडा पाहून, मुकाट्याने पैसे देऊन येणाऱ्यांपैकीच होतो.

बिल वाचावयास शिका

कारकुनाला कागद वाचण्याची सवय असते. म्हणून आम्ही आधी घरातील जुनी बिले काढली आणि एकेक ओळ वाचली. ऑईल, मजुरी, धुलाई येथवर ठीक होते. त्यापुढे पॉलिश, इंजिनात टाकण्याचे कसलेसे औषध, चेन साफ करण्याचा फवारा आणि 'इतर साहित्य' अशा ओळी होत्या. त्यांपैकी निम्म्या गोष्टी आम्ही मागितल्या नव्हत्या आणि कोणी आम्हाला विचारल्याही नव्हत्या. या सर्वांवर जीएसटी वेगळा.

शोरूमवाल्याला जागेचे भाडे आहे, नोकरांचे पगार आहेत, हे आम्हाला मान्य आहे. त्याने धंदा करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आपण कशाचे पैसे देतो हे ग्राहकाला कळले पाहिजे. म्हणून पुढील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, गाडी नवी असेल तर मोफत सर्व्हिसिंग कधीही चुकवू नये. पुस्तिकेत किलोमीटर आणि दिवस असे दोन्ही दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरावे. मोफत म्हणजे मजुरी मोफत. ऑईलचे पैसे द्यावे लागतात. वॉरंटी चालू असेपर्यंत शोरूमचा शिक्का आणि बिले जपून ठेवावीत.

दुसरी गोष्ट, गाडी देताना जॉबकार्डावर काय लिहिले ते वाचल्याशिवाय सही करू नये. नको असलेले काम तेथेच खोडून घ्यावे. अंदाजे खर्च लिहून मागावा.

तिसरी गोष्ट, जो भाग बदलला असेल तो जुना भाग परत मागावा. "जुना ब्रेक शू दाखवा" एवढे म्हटले तरी पुष्कळ फरक पडतो.

चौथी गोष्ट, अन्याय झाला असे वाटल्यास भांडत बसण्याऐवजी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ साली झाला आणि जुलै २०२० पासून तो अमलात आहे. आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करता यावी, तिची माहिती व सुटे भाग मिळावेत, या हक्काविषयी केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टलही सुरू केले. म्हणजे आपली गाडी आपण उघडणे हा काही चोरटा व्यवहार नाही. तो हक्क आहे.

"यासाठी शिकवलं का तुला?"

बिल वाचून झाले, पण पाना हातात घेणे एवढे सोपे नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्क मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आम्ही रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. पहिल्याच रविवारी कोपरापर्यंत हात काळे करून घरी आलो. आई ओट्यावर बसली होती. आमचे हात पाहून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "यासाठी शिकवलं का तुला? तुझ्या आज्याचे हात असेच असायचे."

आम्हाला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे होते. आमच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात गावकीची कामे केली. मेलेले ढोर ओढले, लाकडे फोडली, सांगावे पोहोचविले. त्या कामाला ना मोल होते ना मान. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जमलेल्या आपल्या लोकांना मृत मांस सोडण्याचे आणि हलकी ठरवलेली कामे टाकून देण्याचे आवाहन केले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या जोखडाविरुद्ध विधेयक आणले. आपल्या घरांतून "शिका आणि हात पांढरे ठेवा" असे सांगितले गेले ते त्या अपमानाच्या आठवणीने.

परंतु त्याच काळातील दुसरी गोष्टही आपण विसरता कामा नये. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्यात पगार चांगला होता. तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. म्हणजे आपल्याकडून घाण काम सक्तीने करून घेतले गेले आणि ज्या कामात कसब होते, चार पैसे होते, त्या यंत्राजवळ आपल्याला येऊ दिले गेले नाही. दोन्ही अन्यायच होते.

पुढे एके दिवशी आईला आम्ही एवढेच म्हणालो, "आई, आज्याचे हात दुसऱ्याच्या हुकमाने काळे झाले. माझे हात माझ्या स्वतःच्या गाडीने काळे झालेत, आणि साबणाने निघतात." आई हसली. पण जुना सदरा घालूनच बसायचे, ही अट तिने घातली ती घातलीच.

महामंगल सुत्त आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. त्यात बहुश्रुत असणे आणि हस्तकौशल्य अंगी असणे, या दोन्हींना उत्तम मंगल म्हटले आहे. आपण पहिल्यासाठी झटलो. दुसऱ्याकडेही आता पाहिले पाहिजे.

आमची फजिती

शिकताना चूक होतेच. आमचीही झाली. पहिल्यांदा स्वतः ऑईल बदलले त्या दिवशी खालचा बोल्ट आम्ही एवढ्या जोराने आवळला की इंजिनचे आटे गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवारात गाडीखाली ऑईलचे तळे झाले आणि शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांनी ते पाहिले. उस्तादांनी नवे आटे पाडून दिले, तीनशे रुपये घेतले आणि वर एक मंत्र दिला : "साहब, बोल्ट पहले हाथ से लगाओ, पाना बाद में. और पाने को दुश्मन का गला मत समझो." बोल्ट आधी बोटांनी पूर्ण बसवावा, मग पान्याने बेताचा आवळावा. हा नियम प्लगला आणि प्रत्येक नटाला लागू आहे. आमचे तीनशे रुपये गेले. वाचकांचे जाऊ नयेत म्हणून हे मुद्दाम सांगितले.

घरी काय काय करता येते

एक काळ असा होता की आपल्या वडिलांच्या पिढीत प्रत्येकाला सायकल उघडता येत असे. पंक्चर, चेन, ब्रेकचे रबर ही कामे अंगणातच होत. शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकल त्या सायकलीपेक्षा फार अवघड नाही. सुरुवातीला रिंग पान्यांचा संच, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुने घमेले आणि सुती फडकी एवढे साहित्य पुरते. गाडीसोबत मिळालेले पुस्तक हे सर्वांत मोठे हत्यार आहे. ते हरवले असेल तर मिळवावे. खाली दिलेले आकडे साधारण शंभर सी.सी.च्या गाडीचे आहेत. आपल्या गाडीचे नेमके आकडे त्या पुस्तकातच पहावेत.

ऑईल पाहणे (दर आठवड्याला) : गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि तेवढाच वेळ थांबावे. ऑईलच्या झाकणाला जी काडी असते ती पुसून पुन्हा आत टेकवावी. बहुतेक गाड्यांत झाकण फिरवून न आवळता ती नुसती टेकवावयाची असते. काडीवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये असावे. काही गाड्यांना काडीऐवजी इंजिनच्या बाजूला काच असते. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. त्या तरुणाचे नऊ हजार रुपये या पाच मिनिटांत वाचले असते.

ऑईल बदलणे : इंजिन थोडे कोमट करून बंद करावे. खाली घमेले ठेवून बोल्ट काढावा. आमच्या गाडीला १७ नंबरचा पाना लागतो. ऑईल पूर्ण गळू द्यावे. चावी बंद ठेवून चार-पाच किका माराव्यात, म्हणजे उरलेलेही निघते. बोल्ट पुसावा, वायसर खराब असल्यास नवा घालावा आणि उस्तादांचा मंत्र आठवून बोल्ट बसवावा. मग नवे ऑईल भरावे. अशा लहान गाड्यांसाठी ९०० मिलीलिटरची बाटली मिळते. बाटलीवर पुस्तकात दिलेला ग्रेड (आमच्या गाडीला १० डब्ल्यू ३०) आणि 'जासो एमए' ही खूण आहे का ते पहावे. मोटारीचे ऑईल स्वस्त मिळाले तरी घालू नये; मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये फिरतो आणि तो घसरू लागतो. भरून झाल्यावर काडीवर पुन्हा पहावे. जास्त ऑईलही वाईटच. काही गाड्यांना ऑईल फिल्टर वेगळा असतो, तोही पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बदलावा.

निघालेले काळे ऑईल गटारात किंवा मातीत ओतू नये. ते पाणी नासवते. बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. ते जुने ऑईल गोळा करणाऱ्याला देतात. हातात रबरी मोजे घालावेत, कारण वापरलेले ऑईल सतत कातडीला लागणे घातक असते.

चेन : मधोमध बोटाने वर-खाली करून पहावी. साधारण एक इंच ढील असावी. फार ढिली चेन उतरते, फार ताठ असेल तर स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते. बंद कव्हर असलेल्या गाड्यांत खाली रबरी बूच असते, ते काढून पाहता येते. चेन ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरके बसते. चाकाचा नट शेवटी नीट आवळल्याची दोनदा खात्री करावी. पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसून ९० नंबरचे गियर ऑईल लावावे. चेन साफ करताना इंजिन बंदच ठेवावे. चालू गाडीच्या चेनमध्ये फडके धरून बोट गमावलेले लोक प्रत्येक गॅरेजवाल्याने पाहिलेले असतात.

ब्रेक : ड्रम ब्रेक असेल तर मागे रॉडच्या टोकाला नट असतो. तो फिरवून पायाखालील खेळ कमी-जास्त करता येतो. साधारण एक इंच दाबल्यावर ब्रेक पकडला पाहिजे आणि सोडल्यावर चाक मोकळे फिरले पाहिजे. ड्रमवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला भिडला, की लायनर संपले असे समजावे. मग नट आवळत बसण्यात अर्थ नाही, ब्रेक शू बदलावेत. २०१९ पासूनच्या १२५ सी.सी.पर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांत पुढचा-मागचा ब्रेक एकमेकांना जोडलेला असतो. त्याचा क्रम पुस्तकात पाहूनच हात लावावा. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो की नाही हेही पहावे.

प्लग : इंजिन थंड असतानाच काढावा. टोक तपकिरी असेल तर सर्व ठीक आहे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे किंवा ऑईल वर येत आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन जास्त तापते आहे. साफ करून हाताने आटे धरूनच बसवावा.

एअर फिल्टर : जुन्या गाड्यांत फोम असतो, तो धुता येतो. नव्या गाड्यांत ऑईल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवू नये, फुंकू नये, मुदत झाली की बदलावा. आपल्याकडील धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो आणि मग अ‍ॅव्हरेज घटते.

हवा आणि केबल : आमच्या गाडीला पुढे २५ आणि मागे २८ हवा सांगितली आहे, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा भरावी. क्लचच्या लिव्हरला अर्धा-पाऊण इंच मोकळा खेळ असावा. केबलच्या टोकाची एखादी तार तुटलेली दिसली, की केबल त्याच आठवड्यात बदलावी. ती तुटते ती नेहमी रात्रपाळीहून येतानाच!

येथे हात लावू नये

स्वावलंबन म्हणजे दुःसाहस नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ गाड्या आल्या. त्यांपैकी बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचे इंजेक्शन आणि सेन्सर असतात. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला, तर तारा हलवून पाहू नयेत. त्याला स्कॅनर लागतो. डिस्क ब्रेकचे तेल, एबीएस, व्हॉल्व्हची सेटिंग, क्लच प्लेट, इंजिन उघडणे ही कामे जाणत्या माणसाचीच आहेत. धुताना पाण्याचा जोराचा फवारा तारांवर आणि मीटरवर मारू नये. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर हवा, चेन आणि ऑईलची पातळी यापलीकडे हात न लावणेच शहाणपणाचे. ब्रेकचे काम स्वतः केल्यावर प्रथम रिकाम्या जागेत, हळू वेगाने, एकट्याने चालवून पहावे. लेकराला मागे बसवून तपासणी करू नये.

आम्ही वर्षातून एकदा गाडी उस्तादांकडे पूर्ण तपासणीला देतोच. त्यांचे पोट मारून आपले पैसे वाचवावेत असा आमचा हेतू नाही. उलट, पूर्वी जे काम त्यांच्याकडे इंजिन बसल्यावरच जात होते, ते आता वेळेवर जाते.

हिशेबाची वही

आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून पैशाचा हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. आमच्या घरात गाडीच्या नावाने शंभर पानी वही आहे. तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च असे चार रकाने. त्यातील गेल्या वर्षाचे आकडे देतो. ज्याच्या-त्याच्या गाडीप्रमाणे आणि गावाप्रमाणे ते बदलतील.

पूर्वी शोरूममध्ये वर्षाला चार वेळा, प्रत्येकी १,४५० रुपये, म्हणजे ५,८०० रुपये. आता चार वेळा ऑईल १,५२० रुपये, प्लग ११०, ब्रेक शू ४५०, एअर फिल्टर २०० आणि उस्तादांची वार्षिक तपासणी ५०० रुपये, मिळून २,७८० रुपये. पहिल्या वर्षी हत्यारांना ९०० रुपये लागले होते, ते एकदाच. म्हणजे दरवर्षी ३,०२० रुपये हातात राहतात.

आकडा लहान वाटेल. पण आमच्या वस्तीत अशा चाळीस गाड्या आहेत. चाळीस घरांनी एवढेच वाचविले तर वर्षाला १,२०,८०० रुपये होतात. हे पैसे आज वस्तीबाहेर जातात आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक भाग चरितार्थाला, दोन भाग आपल्या कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. मोटारसायकल ही आपल्या कामधंद्याचे साधन आहे. तिला ऑईल घालणे हा खर्च त्या दोन भागांतला. तो टाळला की संकट येते, आणि मग चौथा भाग, म्हणजे मुलीच्या प्रवेशाचा डबा, उघडावा लागतो. आमच्या शेजारी हेच घडले.

विहारातील रविवार

त्या घटनेनंतर आम्ही विहाराच्या कार्यकर्त्यांपुढे विषय मांडला. काही वडीलधाऱ्यांना तो पटला नाही. "विहार हे धम्माचे ठिकाण आहे, गॅरेज नव्हे," असे एक जण म्हणाले. त्यांचेही चुकले नाही. म्हणून महिन्यातील पहिल्या रविवारी, त्रिशरण-पंचशील झाल्यावर, विहाराच्या बाहेर, कडुनिंबाखाली गाड्या लावण्याचे ठरले. फरशीवर ऑईलचा एक डागही पडू द्यावयाचा नाही, ही अट. उस्तादांना विनंती केली, ते आनंदाने आले. पहिल्या दिवशी सात गाड्या होत्या. सातांपैकी चार गाड्यांचे ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होते आणि दोन गाड्यांचे ब्रेक लायनर संपलेले होते. त्यांतील एका गाडीवरून रोज दोन मुले शाळेत जात असत. त्या मुलांचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दुकान उघडण्याचीही वाट न पाहता दुकानदाराच्या घरी जाऊन ब्रेक शू आणले.

आता पंधरा-वीस गाड्या येतात. आमच्या भगिनीही येतात. स्कूटी चालविणाऱ्या अंगणवाडीताई, भाजी विकणाऱ्या मावशी आणि आमच्या मुलांची आई. प्लग काढण्यात तिचा हात आमच्यापेक्षा हलका आहे, हे आम्हाला कबूल करावे लागते. ज्येष्ठ मंडळी आधी लांबून पाहत होती. आता त्यांतील एक जण चहा आणतात. उस्तादांनी वस्तीतील दोन मुलांना दुकानात शिकाऊ म्हणून घेतले आहे. त्यांतील एकाने यंदा आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अर्ज भरला.

आणि ती मुलगी? तिने एक वर्ष दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केले आणि पुढच्या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळविला. गेलेले वर्ष काही परत आले नाही. ते आमच्या मनाला अजून खुपते. परवा रविवारी ती सुटीवर आली होती. भाऊ गाडी बाहेर काढत होता. तिने त्याला थांबविले, काडी काढून फडक्याने पुसली, पुन्हा टेकवली आणि उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "जा आता."

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी आपण प्रत्येकाने एवढे एकच काम करावे. गाडी स्टँडवर लावावी आणि ऑईलची काडी पहावी. आपल्याला येत असेल तर शेजारच्या मुलाला बोलावून दाखवावे. "मला कोणी सांगितलंच नाही" असे म्हणण्याची वेळ आपल्या वस्तीत पुन्हा कोणावर येऊ नये.

जयभीम!